नऊ वर्षे छापखान्यात काम केल्यानंतर मोठ्या कंपनीची मुलाखत: नेमकी कशी तयारी करावी?

प्रश्न

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे एका लहान छापखान्यात काम करते. माझ्या कामाला ठरावीक पदनाम नाही. कागदाची खरेदी, छपाईचे वेळापत्रक, ग्राहकांशी बोलणी आणि महिनाअखेरीची बिले हे सारे मालक आणि मी मिळून पाहतो. ही नोकरी मला ओळखीतून मिळाली. मालकांनी दोन प्रश्न विचारले आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले, त्यामुळे औपचारिक मुलाखत म्हणजे काय याचा मला काहीच अनुभव नाही.

आता एका मोठ्या कंपनीच्या पुरवठा विभागात समन्वयकाच्या जागेसाठी केलेल्या अर्जाला उत्तर आले आहे. निवडीचे पाच टप्पे कळवले आहेत: मनुष्यबळ विभागाचा फोन, विभागप्रमुखांशी व्हिडिओ कॉल, एक लेखी प्रात्यक्षिक, तीन जणांच्या पॅनेलसमोर मुलाखत आणि शेवटी पुन्हा मनुष्यबळ विभागाशी चर्चा. मुलाखत 'कॉम्पिटन्सी बेस्ड' असेल, असेही त्यात म्हटले आहे. एकाच जागेसाठी पाच वेळा का भेटायचे आणि प्रत्येक वेळी वेगळे काय पाहतात, हे मला उमजत नाही.

सरावासाठी मी माझ्या मावसभावाला प्रश्न विचारायला लावले. 'अडचणीतून मार्ग काढल्याचा एखादा प्रसंग सांगा' असे त्याने म्हणताच मी सांगू लागले की, आमच्याकडे एकदा दोन हजार प्रतींचे प्रशिक्षण-पुस्तक चार दिवसांत द्यायचे होते, पुरवठादाराकडची गाडी बंद पडली, त्याच्याकडे आधीही असे दोनदा झाले होते, मग आम्ही दुसरीकडे कागद पाहिला, मुखपृष्ठाचा कागद होता म्हणून ते आधी छापून घेतले, ग्राहकाला बाराशे प्रती आधी चालणार होत्या म्हणून तेवढ्या पाठवल्या गेल्या, उरलेल्या दोन दिवसांनी गेल्या, आणि तेव्हापासून मोठ्या कामाचा कागद दोन ठिकाणांहून मागवला जातो. हे सांगायला मला सात मिनिटे लागली, आणि शेवटी भावाने विचारले, 'यात तू काय केलेस?' मला उत्तर सुचले नाही. खरे तर यातले बहुतेक सगळे मीच केले होते, पण तसे म्हणताना संकोच वाटतो.

दुसरी काळजी पगाराची आहे. माझा सध्याचा पगार बराच कमी आहे आणि तो सांगितला तर नवा पगारही त्याच्याच आसपास ठरवतील अशी भीती वाटते. ज्यांनी अशा मुलाखती दिल्या किंवा घेतल्या आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

गेली चौदा वर्षे मी माझ्या विभागासाठी माणसे निवडणाऱ्या पॅनेलवर बसत आलो आहे. टेबलाच्या पलीकडे काय चालते ते आधी सांगतो, कारण तुमच्या बऱ्याच शंकांचे मूळ तिथे आहे.

पॅनेलवरील प्रत्येकासमोर एक तक्ता असतो. डावीकडे त्या पदासाठी आधीच ठरवलेले चार-पाच गुण लिहिलेले असतात. तुमच्या बाबतीत नियोजन, ऐनवेळचे निर्णय, इतर विभागांशी समन्वय आणि आकडेवारीची जाण असे काहीतरी असेल. 'कॉम्पिटन्सी' म्हणजे हेच गुण. मधला रकाना मोठा आणि कोरा असतो आणि त्यात उमेदवाराने सांगितलेले जमेल तितके त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचे असते. उजवीकडे १ ते ५ यांपैकी एक आकडा लिहायचा असतो, आणि कोणत्या प्रकारच्या उत्तराला २ द्यायचे व कोणत्या उत्तराला ४, याचे वर्णनही सोबत दिलेले असते. उमेदवार बाहेर गेल्यावर आम्ही एकमेकांशी बोलण्याआधी आपापले आकडे भरतो, म्हणजे ज्येष्ठ व्यक्तीचे मत ऐकून बाकीच्यांची मते बदलत नाहीत. त्या वेळी माझ्या मधल्या रकान्यात 'मेहनती वाटतात, बोलणे चांगले' एवढेच असेल, तर माणूस मनापासून आवडलेला असूनही मला ४ लिहिता येत नाही, कारण 'हा आकडा कशावरून दिला?' असे विचारले गेले तर दाखवायला माझ्याकडे काही नसते. कामाला उत्तम असलेली माणसे अशा प्रकारे हुकताना मी अनेकदा पाहिली आहेत आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे. म्हणून माझे सांगणे एकच आहे: समोरच्याला लिहून घेता येईल असे काहीतरी द्या.

ही पद्धत कुणाच्या लहरीतून आलेली नाही. जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलासाठी काम करताना, माणसाच्या अंगी कोणते गुण आहेत असे मोघम विचारण्याऐवजी त्याने विशिष्ट प्रसंगी प्रत्यक्षात काय केले याची नोंद करण्याचे तंत्र विकसित केले आणि १९५४ मध्ये ते सविस्तर मांडले. आज विचारला जाणारा 'एखादा प्रसंग सांगा' हा प्रश्न त्याच विचारातून आला आहे. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरील जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली, तेव्हा सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढील कामगिरीशी असलेला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) सुमारे ०.४२ आढळला आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा जेमतेम ०.१९. पॅनेलवरची माणसे कागदात पाहून प्रश्न वाचतात, मध्येच खाली मान घालून लिहितात आणि फारशी दाद देत नाहीत, ती यामुळे. तो चेहरा पाहून उत्तर चुकले असे समजू नका. ते तुमचेच बोलणे उतरवून घेत असतात.

आता तुमच्या प्रसंगाकडे येतो. तो उत्तम आहे आणि कोणत्याही पुरवठा विभागाला तो लगेच कळेल. सांगताना चार गोष्टी क्रमाने याव्यात: परिस्थिती काय होती, त्यात तुमची जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केले आणि त्यातून काय झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून (सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट) या क्रमाला 'स्टार' म्हणतात. पहिल्या दोन गोष्टी चार वाक्यांत आटोपाव्यात आणि निम्म्याहून अधिक वेळ तिसरीला द्यावा. तुम्ही वर लिहिलेलीच माहिती घेऊन मी ती अशी सांगेन:

'दोन हजार प्रतींचे पुस्तक चार दिवसांत द्यायचे होते आणि आतल्या पानांचा कागद वेळेवर येणार नाही असे पुरवठादाराने कळवले. छपाईचे वेळापत्रक माझ्याकडे होते. मी आधी ग्राहकाला फोन करून अडचण सांगितली आणि ठरलेल्या दिवशी त्यांना किमान किती प्रती लागतील ते विचारले. त्यांना बाराशे पुरणार होत्या. तेवढ्यापुरता कागद मी दुसऱ्या पुरवठादाराकडून मागवला. तो येईपर्यंत यंत्र रिकामे राहू नये म्हणून, मुखपृष्ठाचा कागद शिल्लक होता, तर मी ती छपाई आधी लावली. बाराशे प्रती ठरल्या दिवशी गेल्या आणि उरलेल्या आठशे दोन दिवसांनी. त्यानंतर मोठ्या कामाचा कागद दोन पुरवठादारांत विभागून मागवण्याची पद्धत मी सुरू केली.'

हे सांगायला एक मिनिट लागते. गाडी बंद पडल्याची हकिगत आणि पुरवठादाराचा पूर्वेतिहास यातून मी वगळला आहे, कारण त्यातून पुरवठादार कळतो, तुम्ही कळत नाही. यातला एखादा तपशील मी तर्काने जोडला असेल तर तो काढून टाका. न घडलेली एकही गोष्ट सांगू नका. अनुभवी माणूस लगेच पुढचा प्रश्न विचारतो, 'दुसऱ्या पुरवठादाराचा दर किती जास्त होता? तो फरक कुणी सोसला?', आणि खरोखर तिथे असलेल्या माणसालाच त्याचे उत्तर देता येते. हा प्रश्न तुम्हाला नक्की येईल असे धरून चाला.

संकोचाविषयी एक निरीक्षण सांगतो. मराठीत स्वतःला बाजूला ठेवून बोलण्याची सोय फार सहज उपलब्ध आहे. 'पाठवल्या गेल्या', 'मागवला जातो', 'छापून घेतले' अशी वाक्ये तुमच्या वरच्या मजकुरातच आहेत आणि आपण सगळे तशी बोलतो. घरात, मित्रांत ते शोभूनही दिसते. पॅनेलवर मात्र त्या वाक्यांना कर्ता नसल्यामुळे मधल्या रकान्यात लिहायचे काय, असा प्रश्न आम्हाला पडतो. 'मी फोन केला' हे वाक्य बढाईचे नसून माहितीचे आहे. मालकांनी जे केले ते मालकांच्या नावावर ठेवा, तुम्ही केलेले स्वतःच्या नावावर सांगा.

प्रतिसाद २

मी सहा वर्षांच्या खंडानंतर शाळेतील अध्यापनातून एका कंपनीच्या प्रशिक्षण विभागात आले. वरील प्रतिसाद मला मनोमन पटला, फक्त एका बाबतीत सावध करावेसे वाटते. तयार उत्तर शब्दशः पाठ करू नका. मी पहिल्या दोन मुलाखतींसाठी आठ उत्तरे लिहून पाठ केली होती. 'कठीण सहकाऱ्याशी कसे जुळवून घेतले' याची तयारी होती आणि प्रश्न आला, 'वरिष्ठांचा निर्णय पटला नाही तेव्हा काय केले?' मी पाठ केलेलेच उत्तर थोडे वळवून सांगितले आणि ते प्रश्नाला धरून नाही हे बोलता बोलता माझे मलाच कळत होते. नंतर मी पद्धत बदलली. पाच-सहा प्रसंग निवडले आणि प्रत्येकाचे चार-पाच कच्चे मुद्दे, म्हणजे आकडे, तारखा, कोण कोण होते आणि शेवटी काय झाले, एवढेच एका कागदावर ठेवले. एकच प्रसंग नियोजनाच्या प्रश्नालाही चालतो आणि समन्वयाच्या प्रश्नालाही. फक्त भर कुठे द्यायचा ते त्या क्षणी ठरवावे लागते. मुद्दे आठवत असले की शब्द सुचतात, पण पाठ केलेला एक शब्द निसटला की पुढचे सगळे अडते.

लेखी प्रात्यक्षिकाबद्दल मला अधिक सांगायचे आहे, कारण माझी पहिली संधी तिथेच गेली. दीड तासाचा वेळ आणि प्रशिक्षणाला आलेल्यांच्या उपस्थितीची एक एक्सेल फाइल दिली होती आणि त्यावरून एक पानी टिपण लिहायचे होते. फाइलमधील दोन ओळींची बेरीज तळाच्या बेरजेशी जुळत नव्हती. मी ती चूक मुकाट्याने दुरुस्त केली, नीटनेटका तक्ता बनवला आणि टिपण दिले. नकार आल्यावर मी अभिप्राय मागितला, तेव्हा विभागप्रमुखांनी सौजन्याने सांगितले की ती विसंगती मुद्दाम ठेवलेली होती आणि ती लक्षात आल्याचे माझ्या टिपणात कुठेच दिसत नव्हते. काम मी केले होते, पण ते केल्याचे कागदावर नव्हते. तुमच्या पदासाठी मागण्या, शिल्लक साठा आणि पुरवठ्याच्या तारखा असलेला तक्ता येण्याची शक्यता आहे. हाती येताच आधी बेरजा, तारखांचा क्रम आणि दोनदा आलेल्या नोंदी तपासा आणि टिपणाच्या सुरुवातीलाच दोन ओळी लिहा: अमुक ठिकाणी आकडे जुळत नाहीत, मी हा आकडा ग्राह्य धरला आहे, प्रत्यक्षात असते तर अमुक विभागाकडून खात्री करून घेतली असती. वेळ संपत आला तर सुबक मांडणी सोडून द्या, पण निष्कर्ष आणि त्यामागचे कारण अर्धवट ठेवू नका.

व्हिडिओ कॉलसाठी फार खटाटोप लागत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असावा, उजेड समोरून यावा आणि आवाजाची तपासणी आदल्या दिवशी त्याच ॲपवर करून ठेवावी. मुद्द्यांचा कागद पडद्याच्या शेजारी ठेवता येतो, पण त्यावरून वाचू नये. समोरच्याला डोळ्यांची हालचाल लगेच कळते.

आणखी एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. एका कंपनीत माझे चार टप्पे पार पडले, शेवटच्या भेटीत 'लवकरच कळवतो' असे सांगितले गेले आणि त्यानंतर काहीच कळले नाही. पाच आठवडे मी दुसरीकडे अर्जच केला नाही, रोज ईमेल उघडून पाहत राहिले. पुष्कळ दिवस मी त्यात स्वतःचा दोष शोधत होते, पण कधी कधी ती जागाच रद्द होते किंवा आतल्याच माणसाला दिली जाते आणि उमेदवाराला कळवण्याचे कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी 'पुढचा निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे?' असे विचारून ठेवा, त्या तारखेनंतर तीन-चार दिवसांनी एक नम्र ईमेल पाठवा आणि बाकीचे अर्ज थांबवू नका.

प्रतिसाद ३

मी मनुष्यबळ विभागात काम करते, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यापुरते लिहिते.

पहिला फोन पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि त्यात तुमच्या कौशल्याची खोलवर परीक्षा होत नाही. अर्जात लिहिलेले खरे आहे का, ही जागा काय आहे हे तुम्ही वाचले आहे का, कधी रुजू होऊ शकाल, कामाची वेळ आणि ठिकाण चालणार आहे का आणि पगाराची अपेक्षा आमच्या मर्यादेत बसते का, एवढे पाहून आम्ही पुढे पाठवतो. माझ्या अनुभवात या फोनवर सर्वाधिक उमेदवार गळतात ते 'ही जागा तुम्हाला का हवी आहे?' या साध्या प्रश्नाला. 'मोठी कंपनी आहे, प्रगतीला वाव आहे' हे उत्तर कोणत्याही कंपनीला लागू पडते. जाहिरातीतल्या कामांपैकी दोन कामे तुम्ही आजच करत आहात आणि तिसरे तुम्हाला शिकायचे आहे, असे नेमके सांगितले तर फोनवरच फरक जाणवतो. 'स्वतःविषयी सांगा' याचेही तसेच आहे. जन्म, शिक्षण, कुटुंब असा क्रम नको. आज काय काम करता, त्यातले या पदाशी जुळणारे काय आहे आणि आता बदल का हवा आहे, हे दीड-दोन मिनिटांत यावे.

बदलाचे कारण सांगताना सध्याच्या मालकांविषयी तक्रारीचा सूर येऊ देऊ नका. 'लहान छापखान्यात कागदापासून बिलापर्यंत सगळे शिकले, आता एकच क्षेत्र मोठ्या प्रमाणावर करायचे आहे' हे पूर्णपणे खरे आहे आणि पुरेसेही आहे.

पगाराची भीती रास्त आहे. आधीच्या पगारावरून नवा पगार ठरवण्याची रीत अन्यायाची आहे असे माझे स्वतःचे मत आहे, कारण ज्याला सुरुवातीला कमी मिळाले तो पुढेही मागेच राहतो. याच कारणाने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये असा कायदा केला की, नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराला मागील पगार विचारता येणार नाही, आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशातही हीच मनाई असून पगाराची श्रेणी आधी कळण्याचा उमेदवाराचा हक्क मान्य केला आहे. तुम्ही अर्ज करता तिथे कोणता नियम लागू आहे ते आधी पाहून घ्या. नियम नसला तरी विषय आपल्याकडून असा वळवता येतो: 'माझ्या सध्याच्या कामाचे स्वरूप या पदापेक्षा बरेच वेगळे आहे, त्यामुळे तुलना योग्य ठरणार नाही. या पदासाठी आपण ठरवलेली श्रेणी कळली तर मी माझी अपेक्षा सांगू शकेन.' पुन्हा आग्रह झाला तर या पदासाठी इतरत्र मिळणारा पगार आधी शोधून ठेवून त्यावरून एक श्रेणी सांगा, आणि तिचा खालचा आकडा असा ठेवा की तेवढा मिळाला तरी तुम्ही आनंदाने रुजू व्हाल. खोटा आकडा मात्र कधीही सांगू नका. पुढे वेतनपावती मागितली गेली तर हाती आलेली नोकरी त्या एका कारणाने जाते आणि तिथे आम्हालाही काही करता येत नाही.

शेवटच्या चर्चेत मूळ वेतन, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ, रजा आणि नोटिशीचा कालावधी हे सगळे स्वतंत्रपणे विचारून घ्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तोंडी होकार कितीही मनापासून दिलेला असला तरी लेखी नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत छापखान्यातील नोकरीचा राजीनामा देऊ नका.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रतिसाद

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. पहिला फोन काल झाला. पगाराचा प्रश्न आलाच. मी वर सुचवलेले वाक्य जवळपास तसेच म्हटले आणि त्यांनी कोणतीही खळखळ न करता श्रेणी सांगितली, जी माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली आहे. व्हिडिओ कॉल पुढच्या आठवड्यात आहे.

पॅनेलसाठी दोन शंका उरल्या आहेत. 'तुमची एखादी चूक सांगा' असा प्रश्न येतो म्हणतात. एका परिचितांनी सल्ला दिला की 'मी कामात फार काटेकोर आहे, हाच माझा दोष' असे काहीतरी सांगावे. माझ्या हातून एक खरी चूक झालेली आहे. पुस्तकाच्या पानांसाठी कागद मागवताना त्यातील तंतू कोणत्या दिशेने हवेत हे मी कळवले नाही. तंतू पुस्तकाच्या पाठीला, म्हणजे पाने जिथे बांधली जातात त्या कडेला, समांतर हवे होते, ते आडवे आले. बांधणीनंतर पुस्तक नीट उघडेना आणि पाने पाठीजवळ लाटेसारखी फुगली. पाचशे प्रती पुन्हा छापाव्या लागल्या. ही गोष्ट सांगितली तर मी निष्काळजी ठरेन का? आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे म्हटले तर काय विचारावे?

आणखी एक: अशा मुलाखतींत अवघड कोडी घालतात असे ऐकले आहे. त्याची तयारी करावी का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

कोड्यांवर वेळ घालवू नका. एकेकाळी काही कंपन्यांत ती पद्धत होती, पण गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लास्लो बॉक यांनीच २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले की अशा कोड्यांवरून माणूस पुढे कसे काम करील ते कळत नाही आणि त्यात निव्वळ वेळ वाया जातो. समन्वयकाच्या जागेसाठी ती येण्याचा संभव फार कमी आहे.

चुकीविषयी परिचितांचा सल्ला कृपया बाजूला ठेवा. 'फार काटेकोर असणे' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकताच मधला रकाना कोरा राहतो. हा प्रश्न विचारताना आम्हाला दोषाची यादी नको असते. चूक झाल्यावर माणूस ती कधी आणि कुणाला सांगतो, तिचा भार कसा उचलतो आणि पुन्हा ती होऊ नये म्हणून काय बदलतो, हे पाहायचे असते. पुरवठा विभागात रोज काहीतरी चुकणारच असते. चूक दडवणारा समन्वयक तिथे सर्वांत महाग पडतो, कारण ती उघडकीस येईपर्यंत माल पुढे गेलेला असतो.

तुमची तंतूंच्या दिशेची गोष्ट म्हणूनच सांगण्यासारखी आहे. फक्त ती पाचशे प्रती पुन्हा छापण्यापाशी थांबवू नका, कारण तिथे थांबली तर फक्त नुकसान दिसते. त्यानंतर तुम्ही काय केले? मालकांना स्वतःहून सांगितले का, ग्राहकाला कोणती नवी तारीख दिली, आणि कागदाची मागणी नोंदवण्याच्या पद्धतीत काही बदल केला का? बदल केला असेल तर तोच या उत्तराचा गाभा आहे. केला नसेल, तर तसे खरे सांगा आणि या आठवड्यातच तो करा. मागणीपत्रात तंतूंच्या दिशेसाठी एक रकाना घालायला अर्धा तास लागेल आणि छापखान्याचेही भले होईल. मग 'हा बदल मी उशिरा, अलीकडेच केला' असे सांगायलाही हरकत नाही.

शेवटी विचारायचे प्रश्न हे सौजन्याचे उपचार नसतात, तुम्हाला हवी ती माहिती मिळवण्याची ती वेळ असते. ही जागा नवी आहे की आधीची व्यक्ती गेल्यामुळे रिकामी झाली आहे, हे विचारा. उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे पाहू लागले तर तेही ध्यानात ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत या व्यक्तीने कोणते काम मार्गी लावले तर नेमणूक योग्य ठरली असे वाटेल, हा माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर देताना विभागप्रमुख आपली खरी अडचण सांगून जातात. तुम्ही तो व्हिडिओ कॉलच्या वेळीच विचारा. पॅनेलच्या आधी तुमच्या हाती तेवढा वेळ असेल आणि त्या अडचणीशी जुळणारा प्रसंग नऊ वर्षांतून शोधून काढता येईल.

आणि त्या सुधारलेल्या मागणीपत्राची कोरी प्रत जवळ ठेवा. त्यावर ग्राहकाचे नाव, पुरवठादार किंवा दर यांपैकी काही दिसता कामा नये, कारण जुन्या ठिकाणची माहिती उघड करणाऱ्यावर नवे लोकही विश्वास ठेवत नाहीत. मालकांचे नाव त्यावर छापलेले असेल तर ते झाका, किंवा साध्या कागदावर रकाने नव्याने आखून न्या. चुकीविषयीचा प्रश्न आला तर तो कागद टेबलावर ठेवा आणि रकान्यावर बोट ठेवून सांगा की हा तेव्हा नव्हता.